च ला पहिली वेलांटी

माझ्या मामीला उलटं वाचता येतं. पुस्तक उलटं धरून नव्हे, ते कुणालाही जमतं. आरशात दिसतं तसं उलटं. रुग्णवाहिकेच्या तोंडावर नाव उलट्या अक्षरांत असतं ना, पुढच्या गाडीवाल्याला त्याच्या आरशात सुलट दिसावं म्हणून? मामी ते फुटपाथवर उभी राहून घडाघडा वाचते आणि वर म्हणते, "ह ची वेलांटी बारीक काढलीय मेल्याने."

मामी रबरी शिक्के करते. 'आवक', 'जावक', 'खरी प्रत', गोल शिक्का, चौकोनी शिक्का, सहीचा शिक्का. शिक्क्यावर सगळं उलटं असतं तेव्हा कागदावर ते सुलट उमटतं. आयुष्यभर हेच केल्यामुळे मामीला माणसंही आतून बाहेरून सारखीच वाचता येतात असं तिचं म्हणणं आहे. मामाच्या बाबतीत ते खरं आहे. मामाला वाचायला भिंगसुद्धा लागत नाही.

दुकान एवढंसं. मामी आत असली की गिऱ्हाईक पायरीवर, आणि गिऱ्हाईक आत आलं की मामी भिंतीत. एका बाजूला निळ्या दिव्यांची पेटी, त्यात रबराचं केमिकल कडक होतं. तिच्या शेजारी धुवायची परात आणि दात गेलेला ब्रश. वर फळीवर बिस्किटांचे डबे, पण बिस्किटं एकातही नाहीत, मुठी आहेत शिक्क्यांच्या. मी लहानपणी प्रत्येक डबा उघडून पाहिलाय आणि प्रत्येक वेळी फसलेय. मामीचा उजवा अंगठा कायम जांभळा.

शटर मामाच्या वडिलांचं. मामाने तिथे आधी सायकलींचे सुटे भाग विकले, मग कुलपं विकली, मग शटर पाडून बस चालवायला लागला. मामी तेव्हा एका वकिलाकडे टाइपरायटर बडवायची. वकील थकले, कचेरी बंद झाली, तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "अहो, शटरची किल्ली द्या." मामाला वाटलं झाडायला मागतेय. ती किल्ली मामाला आजतागायत परत मिळालेली नाही.

मी नववीत शाळा सोडली. घरात सगळ्यांनी तोंडाचा पट्टा सोडला, मामीने फक्त विचारलं, "जेवलीस का?" मग म्हणाली, "फिरू नकोस भिंगरीसारखी, हे रबर मुठीला चिकटव." तेव्हापासून मी भिंगरी. हल्ली पार्सलं पोचवते दुचाकीवर, पण दिवसातून दोनदा तरी गाडी दुकानापाशी लागतेच. मामीला कुणी वाकडं बोललं तर मी त्याचं पार्सल शेवटी पोचवते. हे मी लपवत नाही.

तर, मामीचा जुना कॉम्प्युटर गेला. एके सकाळी बटण दाबलं, आतून जळक्या वायरचा वास आला आणि संपलं. त्याच्यात होतं काय? शिक्क्यांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, कुणाच्या तरी मित्राने कुणाच्या तरी डिस्कवरून उतरवून दिलेलं. आणि एक जुना मराठी फॉन्ट, तोही तसाच आलेला. हार्डडिस्क तेवढी वाचली.

वेळही काय साधली होती! ज्या हॉस्पिटलचे शिक्के मामी वर्षानुवर्षं करायची, त्याचं नाव बदललं होतं. नाव बदललं म्हणजे सगळे शिक्के नवे, आणि पुढचं वर्षभराचं कामही त्यालाच मिळणार जो हे शिक्के करेल. त्यातच कोपऱ्यावर एकाने लेझरचं मशीन लावून नवं दुकान थाटलेलं. काचेचा दरवाजा, आत एसी. हॉस्पिटलचं काम म्हणजे मामीच्या दुकानाचा अर्धा श्वास. ते गेलं असतं तर शटर कुणाकडे जाणार हेही ठरलेलंच होतं. मामाला मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण भेटला होता आणि तो भाड्याने घ्यायला एका पायावर तयार होता.

"अगं, किती दिवस हात जांभळे करशील? घरी आराम कर की," मामा म्हणाला.

"घरी बसून काय करू? तुमच्या पोळ्यांवर शिक्के मारू?"

मामीने दुसऱ्याच दिवशी एका बंद पडलेल्या ऑफिसातला कॉम्प्युटर आणला. ठोकळा दिसायला बरा, पण विकणाऱ्याने आधीच सांगितलं, "ताई, यावर तुमची नेहमीची सिस्टम चालणार नाही, झेपत नाही त्याला. मी दुसरी सिस्टम टाकलीय. मोफत असते. सॉफ्टवेअरही मोफत मिळतात, फक्त शोधावी लागतात."

मामा हसला. "फुकट ते पौष्टिक!"

"तुम्हीही मला फुकटच मिळालात," मामी म्हणाली, "पौष्टिक कुठे निघालात?"

पहिला प्रयोग मी केला आणि तोंडावर आपटले. चित्राचं सॉफ्टवेअर शोधलं, समोर हिरवं मोठ्ठं बटण आलं, मी दाबलं. ती जाहिरात होती. मग दुसरं बटण, मग तिसरं, मग एक खिडकी उघडली आणि म्हणाली अभिनंदन. मामीने माझ्या हातावर चापट मारली.

"उठ. सगळ्यात मोठ्याने जो ओरडतो ना, त्याचा माल नेहमी खोटा असतो."

मग ती स्वतः बसली. तिची पद्धत शिक्का तपासायचीच. खोटा शिक्का कडेला ओळखू येतो म्हणे. म्हणून ती पानाच्या मधलं काही बघायचीच नाही, आधी वरचा पत्ता वाचायची अक्षर न् अक्षर, मग खाली जाऊन हे कुणी बनवलं, का बनवलं. कार्डाचा नंबर मागितला की पान बंद. "फुकट म्हणतो आणि कार्ड मागतो तो फुकट नाही, तो उधार." नंतर तिला कळलं की त्या सिस्टममध्येच एक कोठार आहे, तिथून हवं ते सरळ उतरवता येतं, हिरव्या बटणांच्या बाजारात जायलाच नको. मग काय, मामी त्या कोठारात शिरली ती चहाचा कप गार होईपर्यंत बाहेर आली नाही.

चित्र काढायची तीन उतरवली. प्रत्येकाची परीक्षा एकच, गोल शिक्का. वर्तुळावर मराठी अक्षरं फिरवायची. पहिल्याने सरळ नकार दिला. दुसऱ्याने अक्षरं फिरवली पण जोडाक्षरांचे पाय मोडले, 'ट्रस्ट'चा ट एकीकडे न् र दुसरीकडे. मामी म्हणाली, "याला हॉस्पिटलातच न्या." तिसरं इंकस्केप. त्यात 'रुग्णालय' असं वळलं वर्तुळावर की मामीने खुर्ची मागे सरकवून बघितलं, मग पुढे सरकवून बघितलं.  आणि पहिली दोन काढून टाकली.

पत्र आणि बिलांसाठी लिबरऑफिस आलं. फॉन्ट तर ढिगाने मिळाले, उघड्या परवान्याचे, कुणीही वापरावेत असे. एकाचं नाव मुक्ता. मामी दिवसभर फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "मुक्ता फार सुंदर आहे गं, बारीक केली तरी पोट भरत नाही तिचं." म्हणजे अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेत शाई बसत नाही. मामाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ही मुक्ता कोण?"

जुन्या फाइली उघडल्या तेव्हा मात्र आत मराठी नव्हतंच. जुना फॉन्ट नाही म्हटल्यावर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं, टक्के, उद्गारचिन्हं. जणू कुणी शिव्या देतंय. पण त्याचंही औषध निघालं. जुन्या फॉन्टचं लिखाण नव्या पद्धतीत बदलून देणारं एक पान होतं, तेही मोफत. इकडून शिव्या टाकायच्या, तिकडून 'मुख्याध्यापिका' बाहेर.

शेवटी टायपिंग. मामीची बोटं वकिलाच्या टाइपरायटरवर तयार झालेली. नवा कॉम्प्युटर जो मराठी कीबोर्ड दाखवत होता त्यात एकही अक्षर जागेवर नव्हतं. तिने तोही शोधला, जुन्या टाइपरायटरसारख्या कळांचा. पहिली ओळ टाइप केली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. हात खाली चालूच. "बघ. सगळे आपापल्या जागी."

फक्त एक खोड. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी आली की तिथे ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटायचं. 'विभाग' लिहिताना उमटलं, मी बोट दाखवलं. मामीने ते पुसलं, वेलांटी पुन्हा नीट बसवली. "सुरुवातीला उचकी लागते याला," म्हणाली. "लागू दे. फुकटचं आहे, एवढं चालायचंच."

हॉस्पिटलचे शिक्के तयार झाले. टाइप करताना मामी पडद्याकडे बघतच नाही, ती गिऱ्हाइकाच्या कागदाकडे बघते. नंतर भिंग लावते ते अक्षराची कड स्वच्छ आली का ते बघायला. शुद्धलेखन तपासायला नाही. वकिलाकडे असल्यापासून तिची टायपिंगची चूक कुणी काढलेली नाही, तर ती स्वतः कशाला काढेल?

हॉस्पिटलचे स्टोअरवाले आले. जाड चष्म्याचे, मामाच्या ओळखीचे, म्हणून मामीला वहिनी म्हणतात. मामाही रजेवर असल्याने तिथेच होता, पायरीवर पेपर वाचत. मी पार्सलांची बॅग खाली ठेवली, मला हे बघायचंच होतं. मामीने पॅडवर शिक्का दाबला आणि कोऱ्या कागदावर ठोकला. धप्प. दुसरा. धप्प. तिसरा.

स्टोअरवाल्यांनी कागद उचलला. चष्मा वर केला, खाली केला.

"वहिनी, हा विरष्ठ कोण?"

"कोण?"

"विरष्ठ पिरचारक. इथे लिहिलंय."

मामाने पेपर खाली केला. "विरष्ठ? राक्षस असेल कुणीतरी."

"आणि हे बघा," स्टोअरवाले आता हसायलाच लागले, "सिचव. आमच्या सचिवांना सिचव केलंत तुम्ही. ते आधीच रागीट आहेत हो."

मला सहन झालं नाही. "काका, इतकी वर्षं एक चूक नाही झाली, ते नाही आठवत? लगेच दात काढायचे?"

"भिंगरी, गप्प बस." मामीने शिक्का उलटा करून भिंगाखाली धरला. रबरावर उलटं वाचत गेली. तिचे ओठ हलले आणि थांबले. "विरष्ठ," ती म्हणाली. "मीच केलंय. कड बघा मात्र किती स्वच्छ आलीय."

"कड चांगली आहे," स्टोअरवाले म्हणाले. "पण वहिनी, खरेदीचे कागद आज संध्याकाळी वर जातात. लेझरवाला म्हणतोय, आता सांगा, दुपारी घेऊन जा."

"संध्याकाळी कागद जातात ना? मग संध्याकाळी या. सगळे सुलट मिळतील. एक जरी विरष्ठ निघाला तर मीच तुम्हाला लेझरवाल्याच्या काचेच्या दारापर्यंत सोडायला येईन."

त्यांनी घड्याळ बघितलं, मामाकडे बघितलं, आणि मान हलवून गेले. ते वळल्याबरोबर मामाने फोन काढला.

"अगं, माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे तुझं ते जुनं सॉफ्टवेअर आहे, जुन्या फॉन्टसकट. आत्ता घेऊन येतो म्हणेल. हे फुकटचं प्रकरण काढून टाक."

"मागच्या वेळीही असाच कुणाचा तरी मित्र आला होता. कॉम्प्युटर जळला तेव्हा कुठे होता तो मित्र? ठेवा फोन." मामीने खुर्ची ओढली. "यंत्र चुकलेलं नाही. जुन्या फाइलींमधले शिक्के बरोबर आलेत, ती 'मुख्याध्यापिका' बघा. चुकलेत ते फक्त मी नवे टाइप केलेले. म्हणजे यात काहीतरी माझं आहे."

तिने 'सचिव' टाइप केलं. आता मात्र पडद्याकडे बघत. सिचव. पुन्हा केलं. सिचव. 'वरिष्ठ' केलं. विरष्ठ. मी फोन काढला आणि चिडून तेच टाइप केलं. "हे बघ, माझ्यात बरोबर येतंय."

"दाखव. हळू कर." तिने माझा अंगठा बघितला. "तू आधी च दाबलास."

"मग काय दाबू?"

"वेलांटी."

"आधी वेलांटी कशी दाबायची? अक्षरच आलेलं नाही अजून. वेलांटी काय हवेला द्यायची? च ला पहिली वेलांटी चि."

मामी माझ्याकडे बघत राहिली. "परत म्हण."

"च ला पहिली वेलांटी चि. पहिलीतलं आहे, मामी. शाळा मी नववीत सोडली."

मामीने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि असं हसली की पलीकडचा शिंपी डोकावला. मग तिने आम्हाला समजावलं, टाइपरायटरवर कागद पुढे पुढे सरकतो. वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून ती आधी ठोकायची, मग च. जुन्या फॉन्टमध्येही तसंच होतं. इथे कळा सगळ्या त्याच जागी, पण हे यंत्र वेलांटी आधीच्या अक्षराला देतं. तिने स नंतर वेलांटी दाबली की ती स ला गेली. सिचव. आणि शब्दाच्या सुरुवातीला आधी अक्षरच नाही, म्हणून ते ठिपक्यांचं वर्तुळ.

"ती उचकी नव्हती गं," मामी म्हणाली. "ते बिचारं विचारत होतं, बाई, ही वेलांटी कुणाला देऊ? आणि मी त्याला फुकटचं म्हणून गप्प केलं."

मी तोवर शोधून काढलं होतं. वेलांटी आधी दाबली तरी आपोआप नीट बसवून देणारा कीबोर्डही मिळत होता, मोफतच. मी फोन तिच्यापुढे धरला.

"राहू दे. टाइपरायटर हाताचं ऐकायचा. हे तोंडाचं ऐकतंय. मला काय बोलता येत नाही?"

आणि ती बोलायला लागली. मोठ्याने. "स. च ला पहिली वेलांटी चि. व. सचिव! व. र ला पहिली वेलांटी रि. ष्ठ. वरिष्ठ!" प्रत्येक वेळी बोट सवयीने वेलांटीवर आधी जायला बघायचं आणि ती त्याला आवाजाने मागे खेचायची. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. शिंप्याने विचारलं, "वहिनी, बालवाडी काढलीत का?" मामी म्हणाली, "हो, तुमचं नाव घालू?" आणि पुढच्या अक्षरावर गेली. "प. र ला पहिली वेलांटी रि. च ला काना चा."

मी पार्सलांच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, गाडी पंक्चर आहे. गाडी दुकानासमोर दोन्ही चाकांवर ठणठणीत उभी होती. पारदर्शक फिल्मवर अक्षरं छापून आली की मी ती वाचायची, सुलट, अक्षराला बोट लावून. मग केमिकल, मग निळी पेटी. धुवायला माणूस नव्हता. मामीने टाइप करता करता न बघताच ब्रश मामापुढे धरला.

"मी?" मामा म्हणाला. "मी रजेवर आहे."

"म्हणूनच."

मामा परातीपाशी बसला. आधी नुसता ब्रश फिरवत होता, मग मी ओरडले, तेव्हा अक्षरांच्या खाचांतून घासायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "ए, हे बघ, या 'सचिव'ची कड जरा दबलीय का?" मामीने भिंग लावलं. दबली होती. तो शिक्का पुन्हा केला. त्यानंतर मामा प्रत्येक शिक्का उजेडाकडे धरून बघायला लागला, जणू हिरे पारखतोय. एक शिक्का चाचणीला ठोकताना त्याचा अंगठा पॅडवर पडला आणि जांभळा झाला. मामीने बघितलं आणि पुढचा शिक्का त्याच्याकडे सरकवला.

ऊन उतरल्यावर स्टोअरवाले आले. मामीने नवा कागद पुढे ओढला, धप्प, धप्प, धप्प. या वेळी त्यांनी न हसता, बोट ठेवून वाचलं. सचिव. वरिष्ठ परिचारक. विभाग प्रमुख. गोल शिक्का त्यांनी स्वतः उमटवला, कागद फिरवून फिरवून बघितला, जोडाक्षरांचे पाय मोजले.

"कुठल्या सॉफ्टवेअरवर केलंत?"

"फुकटच्या," मामा मध्येच म्हणाला, छाती पुढे काढून. "चांगलं असतं हो. कडा बघायच्या असतात."

स्टोअरवाल्यांनी पिशवीतून खरेदीचा कागद काढला, सही केली. मग क्षणभर थांबून मामीकडे हात पुढे केला. मामीने त्यांच्या हातात 'भांडार विभाग' दिला. तिच्याच कामाच्या कागदावर तिचाच शिक्का पडला.

"वर्षभराचं तुमच्याकडेच, वहिनी. पण तो विरष्ठ मला द्या ना एक, ऑफिसात दाखवायला."

"तो देता येत नाही. तो यांच्या नावाचा आहे," मामी म्हणाली आणि मामाकडे बघितलं. तेव्हापासून मामाच्या डब्यावर, छत्रीवर, बसच्या वेळापत्रकावर तो शिक्का आहे. त्याचे मित्रसुद्धा त्याला विरष्ठ म्हणतात, आणि त्यातल्या एकालाही ते बरोबर कसं लिहायचं ते येत नाही.

दोन दिवसांनी कव्हरवाला आला. त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. हातात मोजपट्टी, तो सरळ शटरची रुंदी मोजायला लागला. मी पुढे जाणार होते, पट्टी त्याच्या गळ्यात बांधायला. मामीने मला डोळ्याने बसवलं.

"या, या. दुकान दुसरीकडे बघताय का आता?"

"म्हणजे? हे नाही का मिळत?" त्याने मामाकडे बघितलं. मामा परातीत शिक्का घासत होता, त्याने मान खालीच ठेवली.

"हे चालू आहे, दिसतंय ना. पण दुकान कुठेही काढा, बिलावर एक शिक्का लागेलच तुम्हाला. कव्हरं परत आणून देतात लोक, घासून, वापरून. लागेल की नाही?"

कव्हरवाल्याने विचार केला. "देतात हो. फार देतात."

"बसा तिथे पायरीवर. आत्ता होतो."

आणि ती पडद्याकडे न बघता, त्याच्याकडे बघून, मोठ्याने टाइप करायला लागली. "व ला पहिली वेलांटी वि. क. ल ला एक मात्रा ले. ल ला काना ला. विकलेला माल परत घेतला जाणार नाही."